चाळीस मुलांतून ज्युदोसाठी गुणी मुलं कशी निवडायची?

नमस्कार. तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. नाशिकच्या सिडकोत तुमचा ज्युदोचा वर्ग आहे. आठ ते चौदा वयाची चाळीसेक मुलं-मुली येतात, १० बाय ६ मीटरची मॅट आहे आणि आठवड्यातून तीन दिवस सगळ्यांचा एकत्र सराव होतो. आता आणखी तीन दिवस हॉल मिळतोय आणि त्या जादा सरावासाठी आठ ‘टॅलेंटेड’ मुलं निवडायची आहेत. त्यासाठी धाव, उडी, शटल रन अशी चाचणी घ्यावी की गेल्या हंगामातली जिल्हा स्पर्धेची पदकं बघावीत, असं तुम्ही विचारलंय. शिवाय तेरा वर्षांचा, ५५ किलोचा एक मुलगा वर्गात सगळ्यांना पाडतो, त्याच्याभोवतीच संघ उभा करावा का, हाही प्रश्न आहे.

आधी उत्तर देतो, मग कारणं सांगतो. एका दिवसाच्या चाचणीवर निवड करू नका, आणि फक्त पदकांवरून तर मुळीच नको. सहा आठवडे सगळ्यांना सारखंच शिकवा आणि कोण काय उचलतंय ते वहीत लिहीत जा. जी यादी तयार होईल ती सहा महिन्यांपुरतीच धरा. या वयात मूल पुढे कुठवर जाईल हे आज कुणालाच सांगता येत नाही. त्याला शिकवलं की ते कसं शिकतं, एवढंच आज दिसू शकतं आणि तेवढंच बघायचं.

बाकी बरंच तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. हाताशी एखादा ब्राऊन किंवा ब्लॅक बेल्टवाला सहायक आहे का, मुली किती आहेत, मुलांची वजनं कशी विखुरली आहेत, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यामुळे खालचे आकडे आहेत तसे न घेता आपल्या वर्गाला लावून बघा.

आठ हा आकडा कुठून आला? मी मॅटवरून हिशेब करतो. उभ्या रँडोरीसाठी (मोकळ्या सराव-लढतीसाठी) एका जोडीला निदान ३ बाय ३ मीटर जागा लागते. त्याहून कमी दिली की एक जोडी दुसऱ्या जोडीच्या पायांवर पडते, आणि गुडघ्याच्या वाईट दुखापती तिथेच होतात. तुमच्या मॅटवर अशा सहा जोड्या बसतात आणि कडेला एक मीटरची पट्टी उरते, म्हणजे बारा मुलं. ही बारा मुलं जोड्यांनी निवडा. ज्युदोत एकट्याची प्रगती होत नाही. ३६ किलोच्या मुलीला ३४ ते ३९ किलोच्या दरम्यान कुणी जोडीदार नसेल, तर ती कितीही गुणी असली तरी वर्षभर तिच्यापेक्षा जड मुलांना टाळायलाच शिकेल. वजनातला फरक साधारण दहा टक्क्यांच्या आत असावा. यादी करताना प्रत्येक नावापुढे ‘हिचा जोडीदार कोण’ असा एक रकाना ठेवा. तो रिकामा राहिला तर आधी जोडीदार शोधा.

आता पदकांबद्दल. ज्युदोत वयोगट जन्मवर्षावर ठरतो. त्यामुळे जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरमध्ये जन्मलेला एकाच गटात खेळतात, आणि बारा-तेराव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक फार मोठा असतो. त्यातून पाड्यांवरून आलेल्या काही मुलांच्या दाखल्यावर अजूनही १ जून ही मास्तरांनी घातलेली जन्मतारीख असते, त्यामुळे कागदावरचं वयही दर वेळी खरं धरता येत नाही. याहून मोठा फरक वयात येण्याचा. उंची सगळ्यात झपाट्याने वाढते तो काळ मुलींमध्ये सरासरी बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांमध्ये चौदाव्याच्या आसपास येतो. पण कुणाचा तो दीड-दोन वर्षं आधी येतो, तर कुणाचा तितकाच उशिरा. तेरा वर्षांची दोन मुलं शरीराने चार वर्षांच्या अंतरावर असू शकतात. वजन गट सारखा असला तरी एकाच्या खांद्यात स्नायू भरलेले असतात आणि दुसरा अजून लहान मूल असतो.

तुमच्या त्या ५५ किलोच्या मुलाकडे आता नीट बघा. तो पाडतो कसा? माझा अंदाज असा, की उजवा हात समोरच्याच्या मानेभोवती टाकतो, डोकं काखेत घेतो आणि कमरेवरून ओढत स्वतःही त्याच्या अंगावर पडतो. या वयोगटातली जड मुलं बहुतेक अशीच जिंकतात. हलक्या मुलाला त्यातून सुटता येत नाही. केसा गातामे, म्हणजे खाली दाबून धरण्याची पकड, आपोआप लागते आणि वीस सेकंदांत इप्पोन (लढत संपवणारा पूर्ण गुण) होतो. हाच मुलगा सोळाव्या वर्षी आपल्याइतक्याच ताकदीच्या मुलासमोर उभा राहिला, की मानेभोवती हात टाकताना त्याची पाठ उघडी पडते. समोरचा कमरेला मिठी मारून मागे उलटं फेकतो (उरा नागे) किंवा मागे बसून पाडतो (तानी ओतोशी). तोवर या मुलाने बाही आणि कॉलरची पकड कधी शिकलेलीच नसते, कारण तिची गरजच पडलेली नसते. म्हणून त्याला जादा सरावात जरूर घ्या, पण सहा महिने मानेची पकड पूर्ण बंद ठेवा. आपल्याहून वयाने मोठ्या आणि हलक्या, पण चांगलं तंत्र असलेल्या मुलांशी खेळवा. या काळात तो हरला तर आईवडिलांना आधीच सांगून ठेवा की हे ठरवून चाललंय. संघ त्याच्याभोवती उभारू नका, त्याच्यासाठीसुद्धा ते बरं नाही.

लहानपणीची जिंकाजिंकी पुढे टिकत नाही, हे बऱ्याच देशांच्या अनुभवातून दिसलंय. ज्युदोचा जन्म जिथे १८८२ साली झाला त्या जपाननेही २०२२ मध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धा बंद केली. लहान वयात जिंकण्याला आलेलं अवाजवी महत्त्व आणि त्यापायी वजन कमी करायला लावणं, अशी कारणं त्यामागे होती. आपल्याकडे जिल्ह्याच्या एका गटात कधी चार, कधी सहा मुलं उतरतात. अशा गटातलं पदक म्हणजे एक-दोन लढती जिंकणं. ते कौतुकाचं आहे, पण निवडीचा आधार होऊ शकत नाही.

धाव-उडीच्या चाचण्यांचा उपयोग आहे, पण वेगळ्या कामासाठी. ३० मीटर धाव, जागेवरून लांब उडी, शटल रन, ८०० मीटर या चाचण्यांत पुन्हा लवकर वयात आलेली मुलंच पुढे दिसतात. ज्युदोत लागणारी चपळाई समोरच्याच्या ओढण्या-ढकलण्याला दिलेल्या उत्तरात असते आणि ती स्टॉपवॉचला दिसत नाही. मी या चाचण्या वर्षातून दोनदा घेतो, त्या मुलाची स्वतःच्याच आधीच्या आकड्याशी तुलना करायला. ज्युदोची खास फिटनेस चाचणीही तुम्हाला माहीत असेल. सहा मीटर अंतरावर दोन उके (फेकून घेणारे) उभे करायचे, मध्ये तोरी (फेकणारा). १५ सेकंद, मग ३०, मग ३०, मध्ये दहा-दहा सेकंद विश्रांती, आणि प्रत्येक टप्प्यात धावत जाऊन इप्पोन सेओई नागेने (खांद्यावरून फेकण्याच्या डावाने) जास्तीत जास्त थ्रो. संपल्याबरोबरची नाडी आणि एक मिनिटानंतरची नाडी यांची बेरीज करून तिला एकूण थ्रोंनी भागायचं. नाडी १८६ आणि १५८ आली आणि थ्रो २४ झाले, तर ३४४ भागिले २४, म्हणजे १४.३. आकडा जितका कमी तितकं चांगलं. पण चौदाच्या आतल्या मुलांना ही चाचणी लावू नका. त्यांचा थ्रोच अजून पक्का नसतो, त्यामुळे आकडा दमाचा येतो की तंत्राचा, हे कळत नाही.

मग बघायचं काय? सहा आठवड्यांचे मी तीन भाग करतो.

पहिले दोन आठवडे उकेमी (इजा न होता पडण्याचं तंत्र) आणि खेळ. उकेमीत मूल उकिडवं बसून मागे पडतं तेव्हा हनुवटी छातीला चिकटते का आणि डोक्याची मागची बाजू मॅटला लागते का, ते बघा. हात अंगापासून तिरके, साधारण चाळीस अंशांवर पडले पाहिजेत. पुष्कळ मुलं घाबरून तळहात पाठीमागे टेकतात आणि मनगट नाहीतर कोपर दुखावतात. पहिल्या दिवशी कोण चुकतं याला किंमत नाही. दोन आठवड्यांनी, खेळाच्या भरात, तुमचं लक्ष नसताना पडल्यावरही हनुवटी आत राहते का, ते लिहा. खेळांमध्ये गुडघ्यांवर बसून समोरासमोर बाही-कॉलर पकडून ३० सेकंदांत समोरच्याला पाठीवर घालणं, हा खेळ सगळ्यात जास्त बोलतो. ढकललं की बहुतेक मुलं उलट तितकंच ढकलतात. दोन-चार मुलं ढकलण्याबरोबर वळतात आणि समोरच्याला त्याच दिशेने जाऊ देतात. त्यांना हे कुणी शिकवलेलं नसतं. ही नावं अधोरेखित करा.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नवीन तंत्र शिकवा, पण डाव्या बाजूने. तुमच्याकडे दोन वर्षं येणारी मुलं आहेत आणि दोन महिने येणारीही. उजव्या बाजूने चाचणी घेतली तर जुनी मुलंच पुढे येणार. डाव्या बाजूला सगळी जवळजवळ सारखी नवखी असतात. डावा ओ गोशी (कमरेवरून फेकण्याचा डाव) दहा मिनिटं शिकवा आणि लगेच पाच प्रयत्न बघा. प्रत्येक प्रयत्नात तीन गोष्टींना एकेक गुण द्या. समोरच्याचा तोल आधी ओढून मोडला का? वळताना पाय त्याच्या पायांच्या आत बसले का? आणि थ्रो झाल्यावर बाही हातात राहिली का? एका आठवड्याने, काहीही आठवण न करून देता, पुन्हा पाच प्रयत्न घ्या. पहिल्या दिवशी पंधरापैकी नऊ आणि आठवड्याने पाच मिळवणारा नक्कल चांगली करतो. पहिल्या दिवशी चार आणि आठवड्याने आठ मिळवणारी मुलगी घरी जाऊन डोक्यात ते घोळवते. या दोन आकड्यांतला फरक मला पहिल्या आकड्यापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो.

शेवटचे दोन आठवडे दोन-दोन मिनिटांची रँडोरी, आधी ने-वाझा (जमिनीवरची झटापट) आणि मग उभ्याने. इथे कोण कुणाला पाडतो याची नोंद करूच नका. पडल्यावर उठून पुन्हा पकड घ्यायला किती सेकंद लागतात? गेल्या आठवड्यात शिकवलेलं काही करून बघतो का, की आपलं जुनं तेच करत राहतो? थ्रो झाला की बाही वर ओढून जोडीदाराचं पडणं सांभाळतो का? हा शेवटचा मुद्दा काही प्रशिक्षक सोडून देतात, मला तो फार मोठा वाटतो. जोडीदाराला आपटणाऱ्याशी काही महिन्यांनी कुणी मनापासून खेळत नाही आणि त्याची वाढ तिथेच थांबते.

या नोंदी दोघांनी वेगवेगळ्या लिहा, तुम्ही आणि सहायकाने, आणि आठवड्याच्या शेवटीच एकमेकांना दाखवा. प्रशिक्षकाची नजर आडदांड आणि बोलक्या मुलांकडे आपोआप जाते. मागच्या रांगेत गप्प उभी असलेली मुलगी दुसऱ्याच्या वहीत सापडते. हजेरीही लिहा, पण कारणासकट. त्र्यंबक रोडवरून सिटीलिंकच्या बस बदलून येणाऱ्या मुलाची ऐंशी टक्के हजेरी आणि शेजारच्या गल्लीतल्या मुलाची ऐंशी टक्के हजेरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वहीत आणखी एक पान उंचीचं ठेवा. दर तीन महिन्यांनी, अनवाणी आणि शक्यतो सकाळी, कारण संध्याकाळपर्यंत उंची सेंटिमीटरभर कमी भरते. तीन महिन्यांत दोन सेंटिमीटर किंवा जास्त वाढ दिसली तर मूल झपाट्याच्या वाढीत आहे असं समजा. या काळात हातपाय लांब होतात आणि जुना बसलेला थ्रो बिघडतो. गुडघ्याच्या वाटीखाली किंवा टाचेला दुखायला लागतं. नेमक्या याच वर्षी ‘याचं लक्ष नाही, हा मागे पडला’ म्हणून मुलं यादीतून जातात. अशा मुलाच्या उड्या आणि जड नागेकोमी (एकामागून एक पूर्ण थ्रो करण्याचा सराव) कमी करा, ने-वाझा वाढवा आणि निवडीचा निर्णय पुढे ढकला.

नाशिकच्या बाबतीत एक गोष्ट मुद्दाम सांगतो. कविता राऊत सावरपाड्याहून येऊन २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्य जिंकली, तेव्हापासून त्र्यंबक, पेठ, सुरगाणा म्हटलं की आपल्याला फक्त धावपटू दिसतात. त्या भागातली मुलं हलक्या वजनाची, पायांनी घट्ट आणि न कंटाळणारी असतात. ज्युदोला ४८ आणि ६० किलोच्या गटांत हेच हवं असतं. सुशीलादेवी लिकमाबामने २०१४ आणि २०२२ या दोन्ही राष्ट्रकुल स्पर्धांत ४८ किलोत रौप्य मिळवलं, विजयकुमार यादवने २०२२ मध्ये ६० किलोत कांस्य. तुमच्या वर्गात आश्रमशाळेतून नाहीतर वसतिगृहातून येणारी मुलं असतील तर त्यांना हे उदाहरण जरूर सांगा. दुसरा झरा तालमींचा. भगूर, सिन्नरकडची कुस्ती खेळलेली मुलं तोल आणि कसलेलं अंग घेऊनच येतात. धोबीपछाड येणाऱ्याला सेओई नागे समजायला वेळ लागत नाही. पण पट काढायची (वाकून पाय धरून पाडायची) सवय मोडावी लागते, कारण पट्ट्याखाली हाताने धरणं आंतरराष्ट्रीय नियमांत २०१० पासून अंशतः आणि २०१३ पासून पूर्ण बंद झालं. शिवाय कुस्तीत चीत होऊ नये म्हणून पोटावर पडायची सवय असते. तीच मुलं ज्युदोत थ्रो चुकवायला हात टेकतात आणि कोपर मोडून घेतात. तालमीतून आलेल्या मुलाला पहिले दोन महिने उकेमी इतरांच्या दुप्पट द्या.

इथवरचं थोडक्यात: बारा मुलं, जोड्यांनी, सहा आठवड्यांच्या नोंदींवरून, सहा महिन्यांसाठी. आता त्यांचं करायचं काय, कारण निवड बरोबर करून पुढे सराव चुकला तर काहीच हाती लागत नाही.

पहिली गोष्ट, जादा सरावाच्या यादीत अकरा वर्षांखालची मुलं नकोत. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला आठवड्यातले सहा दिवस ज्युदो देणं चूक आहे. एका खेळाच्या सरावाचे आठवड्यातले तास मुलाच्या वयाच्या वर्षांपेक्षा जास्त होऊ देऊ नयेत, हा नियम मी पाळतो. त्या वयात तीन दिवस तासभर ज्युदो आणि बाकी वेळ पळापळी, झाडावर चढणं, पोहणं हेच उत्तम. मोठ्यांसाठीही मिळालेल्या तीन दिवसांपैकी दोनच दिवस त्या बारांना द्या. तिसरा दिवस अकरावरच्या सगळ्यांसाठी खुला ठेवा. ज्याला यावंसं वाटतं तो येईल, आणि कोण स्वतःहून येतंय हे तुम्हाला आयतं कळेल. पुढच्या यादीतली निम्मी नावं मला बहुधा अशा खुल्या दिवसातूनच मिळतात.

नव्वद मिनिटांचा सराव मी असा बसवतो. पंधरा मिनिटं कोलांट्या, कार्टव्हील, भिंतीला हँडस्टँड आणि चारही बाजूंची उकेमी. वीस मिनिटं ने-वाझा. पंचवीस मिनिटं तंत्र, त्यात हलत्या जोडीदारावर दहाचे सहा सेट उचिकोमी (थ्रो पूर्ण न करता पुन्हा पुन्हा आत शिरण्याचा सराव) आणि क्रॅश मॅटवर (जाड मऊ गादीवर) पंधरा-वीस नागेकोमी. मग दोन मिनिटांच्या सहा रँडोरी, प्रत्येकीनंतर एक मिनिट विश्रांती. उरलेल्या वेळात बारवर गी (ज्युदोचा जाड अंगरखा) टाकून तिला लटकणं, दहा ते वीस सेकंदांचे तीन सेट, आणि स्ट्रेचिंग. उचिकोमी जागेवर उभ्या जोडीदारावर शेकड्याने करून घेण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे. त्याने पाय जागच्या जागी बसायला शिकतात, पण समोरचा हलला की मुलाला वेळ साधता येत नाही. म्हणून निम्म्याहून जास्त उचिकोमी चालता चालता घ्या. रँडोरीच्या सहा फेऱ्यांत दोन आपल्याहून कच्च्याशी, दोन बरोबरीच्याशी, दोन सरसाशी. कच्च्याशी खेळताना फक्त नवीन तंत्र वापरायचं, असा नियम करा.

ने-वाझाला वीस मिनिटं बघून काहींना आश्चर्य वाटेल. लहान वयात पडण्याची भीती न घालता पूर्ण ताकदीने झटता येतं ते इथेच. शिवाय २०२५ च्या नव्या नियमांपासून युको, म्हणजे सगळ्यात लहान गुण, परत आलाय. पाच सेकंद दाबून धरलं तरी गुण मिळतो, दहाला वाझा-आरी (अर्धा गुण), वीसला इप्पोन. थ्रो अर्धवट झाला की लगेच खाली कामाला लागण्याची सवय आताच लागते. गळा आवळणं आणि कोपराची कुलपं मात्र या वर्गात नकोत.

तंत्रात दोन गोष्टींना चौदापर्यंत माझा ठाम नकार असतो. एक म्हणजे दोन्ही गुडघ्यांवर धपकन बसून केलेला सेओई. बारा वर्षांच्या मुलाला तो पंधरा दिवसांत येतो आणि जिल्ह्यात जिंकून देतो. पण गुडघे वाढीच्या वयात रोज आपटतात, आणि पुढे कंबर मजबूत असलेला प्रतिस्पर्धी नुसता मागे बसून तो अडवतो. उभ्याने केलेला सेओई शिकायला दोन वर्षं लागतात, ती द्या. दुसरी गोष्ट म्हणजे नवख्या मुलावर पूर्ण जोराचा ओ सोतो गारी (पाय मागून उडवून पाठीवर पाडण्याचा डाव). डोकं मागच्या मागे आपटतं ते याच थ्रोमध्ये, आणि जपानच्या शाळांतल्या जिवावर बेतलेल्या दुखापतींत तो वारंवार दिसलाय. मागची उकेमी पक्की होईपर्यंत तो फक्त क्रॅश मॅटवर आणि बाही धरून. डोक्याला मार लागला, मूल गोंधळल्यासारखं वाटलं किंवा उलटी झाली तर त्या दिवशी पुन्हा मॅटवर नाही, सरळ डॉक्टरकडे.

वजनाबद्दल थोडं कडक बोलतो. पंधराच्या आतल्या मुलाचं वजन स्पर्धेसाठी कमी करायचं नाही. रेनकोट घालून पळवणं, आदल्या रात्री जेवण बंद, पाणी बंद, हे प्रकार आपल्या जिल्ह्यातही होतात आणि ते करणाऱ्याला मी प्रशिक्षक म्हणत नाही. वाढत्या वयात वर्षाला चार-सहा किलो वाढणारच, गट बदलणारच. मणिपूरच्या लिंथोई चनंबमने २०२२ मध्ये साराएव्होला कॅडेट (१८ वर्षांखालील) जागतिक सुवर्ण जिंकलं ते ५७ किलोत, आणि २०२५ ला लिमाच्या ज्युनिअर जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवलं ते ६३ किलोत. जागतिक पातळीची मुलगी गट बदलते, तर आपण सातवीतल्या मुलाला जुन्या गटात कोंबण्यात काहीच अर्थ नाही. खाण्यात महागड्या पावडरींपेक्षा नागलीची भाकरी, मटकी, हरभरे, शेंगदाणे-गूळ आणि चालत असतील तर रोज दोन अंडी सांगा. मुलींचं हिमोग्लोबिन वर्षातून एकदा तपासून घ्या. दम लागतो म्हणून जिला आपण आळशी ठरवतो, ती कधीकधी फक्त रक्त कमी असलेली मुलगी असते.

मुली तेराव्या-चौदाव्या वर्षी सोडून जातात त्याची कारणं बहुधा मॅटबाहेर असतात. कपडे बदलायला जागा नसते, एकही ताई मॅटवर नसते, सराव साडेआठला सुटतो आणि घरी कुणीतरी न्यायला यावं लागतं. सराव अर्धा तास अलीकडे आणा, बारांत निदान चार-पाच मुली घ्या, आणि मोठ्या मुलींपैकी एकीला लहानांच्या उकेमीची जबाबदारी द्या. दहावीच्या वर्षासाठीही आधीच ठरवून ठेवा: आठवड्याला दोन दिवस, तासभर, स्पर्धा नाही, पण नाव यादीत. ‘दहावी झाली की ये’ असं म्हटलेलं मूल बहुतेक परत येत नाही. दोन दिवस येत राहिलेलं येतं.

पालकांशी बोलताना ‘टॅलेंट’ हा शब्द टाळा. ‘पुढचे सहा महिने हिला आठवड्याला दोन दिवस जादा बोलावतोय, दिवाळीनंतर पुन्हा बघू’ एवढंच सांगा. यादीत न आलेल्यांच्या पालकांनाही हेच, आणि खुल्या दिवसाचं आमंत्रण. शाळा सुरू झाल्यावर जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत निरीक्षण, मग यादी, दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिला फेरविचार, असा क्रम शाळेच्या वेळापत्रकाशी जुळतो. दर फेरविचारात दोन-तीन नावं बदललीच पाहिजेत असा आग्रह नको, पण एकही बदललं नाही तर आपण वहीऐवजी सवयीवर निवड करतोय का, हे तपासा. पावसाळ्यात आणखी एक काम वाढतं. मॅट रोज जंतुनाशकाने पुसा आणि ओली गी अंगावर चालवू नका. एकाला नायटा झाला की पंधरा दिवसांत निम्म्या वर्गाला होतो आणि सगळं नियोजन कोलमडतं.

शेवटचा मुद्दा तुम्ही विचारलेला नाही, पण दोन-तीन वर्षांत समोर येईल. पंधरा-सोळाव्या वर्षी एखादी मुलगी अशी निघेल की तिला तुमच्या हॉलमध्ये जोडीदारच उरणार नाही. तेव्हा तिला धरून ठेवू नका. आधी आठवड्यातून एकदा शहरातल्या दुसऱ्या क्लबमध्ये रँडोरीला पाठवा, मग राज्य शिबिर, मग निवासी केंद्राची निवड चाचणी. जाताना तिच्यासोबत वहीतल्या तिच्या पानांची प्रत द्या: उंची-वजनाच्या तिमाही नोंदी, झालेल्या दुखापती, कुठली बाजू, कुठले थ्रो, काय अजून कच्चं आहे. नव्या प्रशिक्षकाला ते सगळं नव्याने शोधायला सहा महिने जातात आणि सोळाव्या वर्षी ते सहा महिने महाग पडतात. तुमच्या मुलांची वजनं आणि वयं लिहून पाठवलीत तर जोड्या कशा लावता येतील ते सांगतो.